उंदराने नेलेली वात

शिवाजी महाराजांची जी मोजकी अस्सल पत्रे काळाच्या तडाख्यातून वाचून आपल्यापर्यंत पोचली, त्यांत चिपळूणच्या छावणीस धाडलेले एक ताकीदपत्र आहे. सुहूर सन अर्बा सबैन व अलफ, म्हणजे इसवी सन १६७३-७४, हा त्याचा काल. दाभोळ मामल्यातील हळवर्ण या गावी पागा उतरली होती, आणि तिचे जुमलेदार, हवालदार व कारकून यांना उद्देशून ते लिहिलेले आहे. रयतेस उपद्रव न देता जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, नाहीतर तुमच्यापेक्षा मोगल बरे असे कुळांना वाटू लागेल, हा त्यातील भाग सर्वश्रुत असून सभासंमेलनांतून तो वारंवार सांगितला जातो. परंतु त्याच पत्राच्या उत्तरार्धात, लढाईचा किंवा मुलूखगिरीचा शब्दही न काढता, केवळ आगीविषयी जो मजकूर आला आहे, त्याकडे आपले लक्ष जावे तितके गेलेले नाही.

पावसाळ्यात घोड्यांना पुरावी म्हणून वैरणीची तरतूद केलेली, गवताच्या लहळ्या रचून ठेवलेल्या, आणि माणसाजनावरांच्या निवाऱ्यासाठी लाकडा-गवताचे खण उभारलेले, असा तो तळ होता. अशा तळावर काय काय घडू शकेल हे महाराज एकेक करून सांगतात. कोणी आगट्या पेटवील, कोणी भलत्याच जागी चूल मांडून रांधायला बसेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. जवळ गवत पडले आहे, वारा सुटला आहे, याचे भान कोणालाच राहणार नाही, आणि ध्यानीमनी नसता दगा होईल. एका खणाला आग लागली की सारे खण जातील. एका लहळीवर विस्तव पडला की आहेत तितक्या लहळ्या एकामागून एक जळतील. मग कुणब्यांच्या गर्दना मारल्या, कारकुनांना वाटेल तितके धाकात घेतले, तरी नवा खण उभारायला एक लाकूडदेखील मिळायचे नाही. म्हणून जे खासे असतील त्यांनी स्वतः हमेशा फिरत राहावे, चुली आणि आगट्या डोळ्यांनी पाहाव्यात, आणि रात्री घरात दिवा जळत राहिला तर उंदीर त्याची वात पळवून नेईल, तेही होऊ देऊ नये. गवत वाचले तर घोडी वाचतील, आणि घोडी गेली तर पागाच बुडाली, इतक्या स्वच्छ शब्दांत त्यांनी हिशेब मांडला आहे.

ज्या पुरुषाच्या डोक्यावर छत्र धरले जाण्याचा समय जवळ आला होता, ज्याच्या मनात दिल्ली आणि विजापूर या दोन पातशाह्यांचे राजकारण अहोरात्र चालले होते, त्याने कोकणातल्या एका खेड्यातील पणतीची वात आणि ती ओढून नेणारा उंदीर यांचा विचार करावा, ही गोष्ट मला त्याच्या कोणत्याही विजयाइतकीच थोर वाटते. कारण या चार ओळींत संकटनिवारणाचे सारे शास्त्र आलेले आहे. संकट रोजच्या कामांतून उगवते, म्हणून रोजच्या कामांवरच नजर ठेवावी लागते. अनर्थ झाल्यावर केलेल्या शिक्षेने जळलेले परत येत नाही. आणि खबरदारीची जबाबदारी हुकूम देणाऱ्याच्या पायांवर आहे, त्याने स्वतः फिरून पाहिले पाहिजे. या तीन गोष्टी महाराष्ट्राने केव्हा पाळल्या आणि केव्हा विसरल्या, त्याचा मागोवा घ्यावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या पत्रानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. चार छत्रपतींच्या कारकिर्दी पाहिलेला, जिंजीच्या वेढ्याच्या काळात महाराष्ट्रातला कारभार सांभाळलेला तो मुत्सद्दी जेव्हा दुर्गांच्या प्रकरणाकडे वळतो, तेव्हा तट-बुरुजांइतकेच लक्ष तो दारूखान्याकडे देतो. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, घरांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या खालच्या अंगासही नसावा. सदरेपासून अंतरावर जागा पाहून, तळघर करून, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण घालावे. दारूची मडकी जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी, तिला सर्दी लागू देऊ नये. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, होके बाहेर काढवून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. रात्रंदिवस चौकी असावी आणि परवानगीवाचून आसपास माणूस फिरकू देऊ नये. वाऱ्याची दिशा, जमिनीचा ओलावा, तपासणीची मुदत आणि तपासणाऱ्याचा हुद्दा, यांतील एकही बाब अमात्यांनी मोघम ठेवलेली नाही.

पाण्याविषयीचा त्यांचा विचार तर याहून दूरदर्शी आहे. गडावर वाहता झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण लढाईच्या प्रसंगी तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून जखिऱ्याचे पाणी म्हणून दोनचार टाकी निराळी बांधून ठेवावी आणि त्यांतील पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये, असे ते बजावतात. सह्याद्रीच्या कोणत्याही गडावर चढून गेलेल्या माणसाने कातळात खोदलेली ती टाकी पाहिली असतील. उन्हाने तापलेल्या खडकाच्या पोटात काळसर, थंडगार पाणी निश्चल पडलेले असते, आणि काठाशी वाकून ओंजळ भरताना आपल्याला जाणवते की हे पाणी वाटसरूच्या तहानेसाठीच तेवढे साठवलेले नव्हते. ज्या दिवशी दुसरे काहीच हाती उरणार नाही, त्या दिवसासाठी ते कोणीतरी शिल्लक ठेवले होते.

या शिस्तीचे मोल किती होते ते मराठी राज्याच्या अखेरच्या वर्षी दिसून आले. १८१८ च्या मार्च महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोरीगडाला वेढा घातला. तट अजून उभा होता, शिबंदी लढत होती, तोच इंग्रजांच्या तोफांचा मारा दारूकोठारापर्यंत पोचला, कोठार उडाले आणि गड हातचा गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, त्याच फौजेने रायगडावर गोळे टाकले आणि राजवाड्याला आग लागली. ज्या गडावर राज्याभिषेक झाला, तेथील इमारतींची लाकडे त्या आगीत गेली, आणि उरले ते दगडी चौथरे. शत्रूच्या गोळ्याला चुकवणे शिबंदीच्या हाती नव्हते हे खरे. परंतु दारू कोठे आणि कशी ठेवावी यावर एका जाणत्या माणसाने शंभर वर्षे आधी इतका विचार का केला होता, ते कोरीगडाच्या त्या एका क्षणाने दाखवून दिले.

गडकोटांवर जे लेखी हुकुमाने होत होते, ते खेड्यापाड्यांत रूढीने होत असे. कोकणातली केंबळी छपरे, देशावरची कडब्याची गंजी, खळ्यावरची उडवी, गोठ्यातला सुका पाला, हे सारे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत कोरडेठाक होऊन ठिणगीची वाट पाहत असे, आणि गावाला ते ठाऊक होते. गंजी घराला लागून रचू नये, दोन गंजींमध्ये गाडी जाईल इतकी वाट ठेवावी, विस्तव मागायला आलेल्या शेजारणीने तो वाऱ्यात उघडा न नेता खापरीवर किंवा गोवरीवर पदराआड न्यावा, हे कोणी पुस्तकात वाचून शिकत नसे. भातशेतीच्या मुलखात राब भाजण्याची रीत आहे. शेण, टहाळ, गवत आणि वरून मातीचा थर असे रचून झाल्यावर जाणता शेतकरी तो राब वाऱ्याच्या खालच्या टोकाकडून पेटवतो, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट दिशेने सावकाश सरकत जाते, जमीनही चांगली भाजते आणि शेजारच्या रानात वणवाही जात नाही. वाऱ्याचे भान ठेवा म्हणून छावणीला जे लिहावे लागले, ते या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले असे.

घरातल्या चुलीची राखण मात्र बायकांकडे होती. रात्रीची निजानीज होण्यापूर्वी घरातली वडील बाई पुन्हा एकदा स्वयंपाकघरात जाई. जळती लाकडे मागे ओढून त्यांवर पाण्याचा शिपका मारी, उरलेले निखारे चुलीच्या पोटात सारून त्यांवर राखेचा जाड थर पसरी, चुलीपुढची जागा हाताने झाडून एखादी काटकी, एखादे चिपाड मागे राहिले असेल तर उचलून बाजूस टाकी, आणि मग समईची वात तेलात ओढून दिवा शांत करी. दिवा विझवला असे म्हणायचे नाही, शांत केला किंवा निरोप दिला असे म्हणायचे, हा त्या संस्काराचा भाषेतला भाग होता. सकाळी त्याच राखेतून निखारा उकरून नवा जाळ होई. काडेपेटी घरोघर पोचण्यापूर्वी निखारा जिवंत ठेवणे ही गरज होती आणि तो झाकून ठेवणे ही सुरक्षितता होती. राखेच्या एका थराने दोन्ही साधत. उंदराने वात नेऊ नये ही छत्रपतींनी दिलेली ताकीद ज्या घरी कधीच पोचली नसेल, त्या घरातही ती रोज रात्री पाळली जात होती.

एवढे करूनही आग लागलीच, तर गावाजवळ दुसरे साधन होते, ते म्हणजे हाकाटी. रात्रीच्या गस्तीवरचा जागल्या किंवा प्रथम पाहणारा कोणीही तोंडावर हात मारीत बोंब ठोके, आणि ती ऐकून जो अंथरुणातून उठणार नाही त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नसे. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची ओळ लागे, घागरी आणि कळशा हातोहात पुढे जात, रिकाम्या मागे येत. काही गडी पेटलेल्या घराच्या नादी न लागता वाऱ्याच्या दिशेला असलेल्या पुढच्या घराचे छप्पर आकडीने ओढून पाडत, भिजवलेली घोंगडी आणि पोती शेजारच्या आढ्यांवर टाकत, आणि दावणीची जनावरे सर्वांत आधी सोडत. जे गेले ते गेले, पुढचे वाचवा, हा कठोर विवेक त्या गडबडीतही सुटत नसे. आज ज्याला आपण आपत्तिव्यवस्थापन म्हणतो, त्याचे खेड्यातले रूप हे असे होते. त्याला ना दप्तर होते ना हुद्दे, परंतु आपली घागर कोठे आणि आपली जागा कोणती हे प्रत्येकाला ठाऊक होते.

शहरांची गोष्ट निराळी. तेथे घरे भिंतीला भिंत लावून उभी, वस्ती परक्यांची, आणि विहिरी घरोघरच्या असल्या तरी हाकाटीला ओ देणारा शेजार सैल झालेला. मुंबईच्या कोटाच्या आत अशीच दाटी झाली असताना १८०३ च्या फेब्रुवारीत बाजाराच्या अंगाने आग लागली आणि जोराच्या वाऱ्यामुळे ती पसरत गेली. पाण्याने ती आटोपेना, म्हणून अखेर तोफा लावून पुढची घरे पाडावी लागली आणि मगच तिची वाट तुटली. खेड्यातला गडी आकडीने जे करी, तेच तेथे तोफेने करावे लागले. त्या आगीनंतर कोटाभोवतीचे मैदान अधिक मोकळे करण्यात आले, पुष्कळ वस्ती तटाबाहेर गेली, आणि आज आपण जी जुनी मुंबई म्हणून ओळखतो तिच्या वाढीला या अनर्थाने मोठी चालना दिली.

पुण्याने याहून जिव्हारी लागणारा घाव सोसला. १७३० मध्ये पाया घातलेल्या शनिवारवाड्याचे खालचे बांधकाम चिरेबंदी असले तरी वरचे मजले, खांब, तुळया, छते आणि नक्षी हे सारे लाकडाचे होते. पेशवाई गेल्यावर दहा वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, इंग्रजी अमलात त्या वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली असे सांगतात. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने आणलेले पाणी शहरातल्या हौदांतून खेळत होते, मुठेचे पात्र हाकेच्या अंतरावर होते. परंतु पाणी जवळ असणे आणि ते वेळेवर, पुरेशा हातांनी, ठरलेल्या रीतीने आगीवर पडणे यांत फार अंतर असते. आज तेथे तट, दिल्ली दरवाजा, चौथरे आणि कारंज्याची दगडी पाकळी एवढेच पाहायला मिळते.

हे अंतर तोडण्यासाठी पगारी, शिकवलेले आणि अष्टौप्रहर तयार असे दल लागते, ही जाणीव मुंबईला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. पोलिसांच्या अखत्यारीतील तुटपुंज्या व्यवस्थेच्या जागी १८८७ मध्ये नगरपालिकेचे नियमित अग्निशमन दल उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षीच्या नगरपालिका कायद्याने आगीपासून जीवित व वित्त यांचे रक्षण करणे हे नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. घोड्यांच्या गाड्यांवरचे वाफेचे पंप प्रथम आले, १९०७ मध्ये मोटारीवरचे आले, आणि लोकांनी त्या यंत्राला बंब असे नाव दिले. पोर्तुगीजांच्या 'बोंबा' या शब्दावरून आलेला हा शब्द न्हाणीघरातल्या तांब्याच्या भांड्यालाही लागला आणि रस्त्यावरून घंटा वाजवीत धावणाऱ्या गाडीलाही. आणि मराठी माणसाने लगोलग त्याची म्हणही केली: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यंत्र कितीही बलवान असले तरी ते योग्य जागी, योग्य वेळी पोचले नाही तर व्यर्थ, हा त्या म्हणीतला अनुभव महाराजांच्या ताकिदीशी अगदी जुळता आहे.

आणि तरीही १४ एप्रिल १९४४ चा शुक्रवार उजाडला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज दोन दिवसांपूर्वी येऊन लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. कापूस आणि स्फोटके यांना एकमेकांचा शेजार मिळाला होता. दारू घरांच्या वाऱ्याखाली ठेवू नये म्हणून ज्या मुलखात सव्वादोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते, त्याच मुलखाच्या मुख्य बंदरात, युद्धाच्या घाईमुळे, भर वस्तीला लागून ते जहाज उभे राहिले, आणि धोक्याच्या मालाची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही त्यावर नव्हता. दुपारी एकच्या आधीच जवळच्या जहाजावरून धूर दिसला होता, परंतु त्याची खबर कोणी दिली नाही. दोनच्या सुमारास हाकाटी झाली, बंब आले, ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले, तरी आगीचे मूळ सापडेना. जहाज बुडवावे की गोदीबाहेर काढावे याचा निर्णय कोणी घ्यायचा हे अधिकाऱ्यांत ठरेना. आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला. गोदी, गुदामे, शेजारची वस्ती जळत राहिली, शेकडो माणसे प्राणास मुकली, आणि त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

हे जवान पळून जाऊ शकले असते. डेकचे पत्रे पायाखाली तापत होते, ओतलेले पाणी उकळत होते, तरीही हातातली नळी सोडून ते गेले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो आणि त्या दिवसापासून २० एप्रिलपर्यंत सप्ताह साजरा होतो. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या शौर्याला वंदन करताना एक गोष्ट मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे: माल रचताना, बावटा लावताना, धूर दिसताच खबर देताना आणि वेळेवर निर्णय घेताना ज्यांनी आपले काम केले नाही, त्यांच्या कसुरीची किंमत या ६६ जणांनी भरली. शूराचे मरण हे पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी दुर्लक्षाचे फळ असते.

आता चूल गेली आणि राखेखालचा निखाराही गेला. त्यांच्या जागी गॅसची शेगडी, विजेच्या तारा आणि उंच इमारतींचे जिने आले. उंदीर मात्र आहे, आणि तो आता वातीऐवजी तार आणि रबरी नळी कुरतडतो. म्हणून रीत बदलली तरी ताकीद तीच आहे. निजण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण खाली-वर काही न करता दारेखिडक्या उघडाव्यात. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी न टाकता गॅस बंद करून झाकण घालावे. विजेची आग असेल तर आधी मुख्य कळ बंद करावी. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे किंवा जाड घोंगडीने लपेटून घ्यावे, आणि भाजल्या जागी थंड पाणी ओतत राहावे. धुरात सापडल्यास वाकून, जमिनीलगत चालावे आणि लिफ्ट वापरू नये. १०१ हा आकडा घरातल्या लहानाथोरांस पाठ असावा. यांतले काहीही नवे नाही, खर्चाचे नाही, आणि अवघडही नाही.

अवघड आहे ते रोज रात्री उठून पाहणे. इमारतीच्या जिन्यात सायकली, जुनी कपाटे आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे कोणी ठेवले आहेत, भिंतीवरच्या लाल नळकांड्याची मुदत संपली आहे का, गच्चीचे दार कुलपात आहे का आणि किल्ली कोणाकडे आहे, हे प्रत्येक गृहसंस्थेच्या खाशांनी, म्हणजे अध्यक्षांनी आणि चिटणिसांनी, स्वतःच्या पायांनी जिने चढून पाहिले पाहिजे. पाहण्याचे काम रखवालदारावर सोपवून भागणार नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी हळवर्णच्या छावणीला जी ताकीद गेली ती आपल्यालाही लागू आहे. वाचकहो, आज निजण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात जाऊन या.